बेसबॉल: चूक एकाची, बॉल दुसऱ्याच्या पाठीत. हे पटतं का तुम्हाला?

नवखा_प्रेक्षक

मंडळी, गेले दोन सीझन मेजर लीग बेसबॉल बघतोय, नियम बऱ्यापैकी कळायला लागलेत, पण एक गोष्ट काही केल्या घशाखाली उतरत नाही म्हणून हा धागा.

जून 2025, डॉजर्स विरुद्ध पाद्रेस, डॉजर स्टेडियम, सिरीजची शेवटची मॅच, नववी इनिंग. डॉजर्सच्या एका अगदी नवख्या पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) बॉल पाद्रेसच्या फर्नांडो टाटिसला लागला. त्याआधीच्या मॅचेसमध्येही दोन्हीकडचे बॅटर शेकले गेले होते त्यामुळे डोकी तापलेलीच होती. पाद्रेसचा मॅनेजर माइक शिल्ट तावातावाने बाहेर आला, इकडून डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स धावत आला, दोघं छातीला छाती भिडवून उभे, मागून दोन्ही बेंच मैदानात, शेवटी अंपायरने दोन्ही मॅनेजर हाकलले. इथपर्यंत समजू शकतो, माणसं आहेत, राग येतो. पण मग डॉजर्सची बॅटिंग आली आणि पाद्रेसच्या रॉबर्ट सुआरेझने ताशी जवळपास 100 मैलांचा बॉल घातला डॉजर्सचा स्टार बॅटर ओहतानी याच्या अंगात. डॉजर्सचे लोक पुन्हा बाहेर पडायला लागले तर ओहतानीनेच हात हलवून त्यांना सांगितलं की येऊ नका, आणि निमूट पहिल्या बेसकडे निघाला.

आता मला सांगा, ओहतानीने कोणाचं काय घोडं मारलं होतं? टाटिसला बॉल त्याने मारला नव्हता. आणि कॉमेंटेटर असं बोलतायत जणू हे होणारच होतं. आपण क्रिकेट बघत वाढलो, बाउन्सर आपल्यालाही आवडतो, पण "तुमच्या बोलरने आमच्या माणसाला लागवलं म्हणून आम्ही तुमच्या सगळ्यात चांगल्या बॅट्समनच्या बरगडीत सरळ फुलटॉस घालणार" हे कोणी उघडपणे म्हणालं तर केवढा गदारोळ होईल. तिथे हे चालतं कसं? कोणीतरी नीट समजावून सांगा.

डावखुरा_पिचर

चांगला प्रश्न आहे दादा, आणि उत्तर जरा लांबणार आहे.

आधी कागदावरचा नियम. बॅटरला बॉल लागला की त्याला फुकट पहिला बेस मिळतो. अपवाद दोन, बॉल स्ट्राइक झोनमध्ये (प्लेटच्या वर, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात) असताना लागला तर तो स्ट्राइक (असे तीन झाले की आउट), आणि बॅटरने चुकवायचा प्रयत्नच केला नाही तर बेस नाही (हा दुसरा नियम अंपायर क्वचितच लावतात). मुद्दाम मारला असं अंपायरला वाटलं तर तो पिचरला बाहेर काढू शकतो, पिचर आणि मॅनेजर दोघांना काढू शकतो किंवा दोन्ही टीमला ताकीद देऊ शकतो. म्हणजे नियमात बदल्याला परवानगी नाहीच आहे. जे चालतं ते सगळं अलिखित.

आता त्या अलिखित नियमामागचा विचार काय तर प्लेट (बॅटर जिच्या शेजारी उभा राहतो ती जमिनीवरची पाटी, होम प्लेट) कोणाची? बॅटर प्लेटला खेटून उभा राहिला की बाहेरच्या कडेचा बॉलही त्याच्या बॅटच्या टप्प्यात येतो, म्हणून पिचर आतल्या बाजूला टाकून त्याला मागे रेटतो. हा खेळाचाच भाग आहे, यात वाईट काही नाही. 1950 च्या दशकात सॅल मॅग्ली नावाचा पिचर होता, त्याचं टोपणनावच न्हावी, कारण बॉल हनुवटीजवळून वस्तरा फिरवल्यासारखा जायचा. डॉन ड्राइसडेलने तर कारकिर्दीत 154 बॅटरना लागवलं. मग समोरचे म्हणतात आमच्या माणसाला लागलं तर तुमच्याला लागणार, म्हणजे पुढच्या वेळी जरा जपून टाकाल. याला खेळाडू संरक्षण म्हणतात, बदला म्हणत नाहीत.

एके काळी या संरक्षणाला थोडा तरी अर्थ होता, कारण पिचरलाही बॅटिंगला यायला लागायचं. ज्याने मारलं तोच हातात बॅट घेऊन समोर. 1973 साली अमेरिकन लीगने पिचरच्या जागी दुसऱ्याने बॅटिंग करायचा नियम आणला आणि 2022 पासून तो दोन्ही लीगला कायमचा लागू झाला. म्हणजे आता मारणारा पिचर कधीच बॅटिंगला येणार नाही, त्यामुळे हिशोब आपोआप दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर चुकता होणार. तुमचा ओहतानीचा प्रश्न इथेच येऊन थांबतो. (ओहतानी स्वतः पिचिंगही करतो ही वेगळी गंमत, पण त्या दिवशी टाटिसला मारणारा तो नव्हता.)

जुन्या पद्धतीचा कळस बघायचा असेल तर 12 ऑगस्ट 1984, अटलांटा, ब्रेव्ह्ज विरुद्ध पाद्रेस. ब्रेव्ह्जच्या पास्कुअल पेरेझने मॅचचा पहिलाच बॉल अ‍ॅलन विगिन्सला मारला. नॅशनल लीग असल्यामुळे (तिथे तो नियम तेव्हा नव्हता) पेरेझला बॅटिंगला यायलाच लागणार होतं. पाद्रेस त्याच्या प्रत्येक फेरीला नेम धरत राहिले आणि आठव्या इनिंगमध्ये क्रेग लेफर्ट्सचा बॉल एकदाचा लागला. तोवर आणि त्यानंतर मिळून डझनाहून जास्त माणसं बाहेर काढली गेली, प्रेक्षक मैदानात उतरले, त्यातल्या काहींना अटक झाली. ब्रेव्ह्जचा बॉब हॉर्नर मनगट मोडल्यामुळे टीमबाहेर होता, तो प्रेस बॉक्समधून खाली आला आणि युनिफॉर्म चढवून भांडणात उतरला. पाद्रेसचा मॅनेजर डिक विल्यम्स याला 10 दिवस सस्पेंड केलं आणि 10,000 डॉलर दंड. आणि एवढं सगळं करून मॅच ब्रेव्ह्जनेच जिंकली.

गुरुवारची_मॅच

डावखुरा, सगळं बरोबर, पण शिक्षेचा मुद्दा राहिला आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. स्टार्टिंग पिचर (मॅचची सुरुवात करणारा) पाच दिवसांतून एकदा टाकतो. त्याला पाच मॅच सस्पेंड केलं म्हणजे काय झालं? त्याची पाळी एखादा दिवस पुढे ढकलली गेली, बस. 2012 मध्ये कोल हॅमल्सने 19 वर्षांच्या ब्राइस हार्परला पाठीत मारलं आणि मॅचनंतर सरळ कबूल केलं की हो, मुद्दाम मारला. शिक्षा पाच मॅच. 162 मॅचच्या सीझनमध्ये!

त्या दिवशी हार्परने जे केलं ते मात्र मला आजही आवडतं. पोरगा काही न बोलता पहिल्या बेसवर गेला, पुढच्या हिटवर तिसऱ्यावर पोचला, आणि हॅमल्स पहिल्या बेसवरच्या माणसाला पकडायला तिकडे बॉल फेकतोय तेवढ्यात हा सुटला तो थेट होम प्लेटवर. होम चोरलं! मारणाऱ्याच्या डोळ्यांदेखत रन काढला. याच्यासारखा बदला नाही. (त्याच्या टीमच्या पिचरने तरीही नंतर हॅमल्सच्या पायावर बॉल मारलाच, त्यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं.)

सातवी_इनिंग

मी जरा दुसरी बाजू मांडते. तुम्ही सगळे बदला बदला म्हणताय पण डगआउटमध्ये बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमच्या मित्राच्या कोपरावर 95 मैलांचा बॉल बसलाय, तो जमिनीवर कळवळतोय, आणि तुमचा पिचर पुढच्या इनिंगमध्ये जाऊन गपचूप स्ट्राइक टाकतोय. टीममध्ये त्याच्याबद्दल काय बोललं जाईल? बेंच रिकामं होतं तेव्हाही तेच, जो बसून राहतो त्याला नंतर तोंड दाखवायला जागा उरत नाही, म्हणून लांबच्या बुलपेनमधले (राखीव पिचर वॉर्मअप करतात तिथले) लोकसुद्धा पळत पळत येतात आणि नुसते एकमेकांचे शर्ट धरून उभे राहतात. हे मूर्खपणाचं वाटेल पण सहा-सात महिने रोज एकत्र राहणाऱ्या माणसांची निष्ठा आहे ती. आणि लीगने स्वतः वेळेवर कडक कारवाई केली असती तर खेळाडूंना हे काम हातात घ्यायला लागलं नसतं. 2017 मधल्या अ‍ॅस्ट्रॉसच्या साइन चोरीचंच (समोरच्या कॅचरच्या खुणा चोरून आपल्या बॅटरला कळवण्याचं) बघा, टीमला 50 लाख डॉलर दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभर सस्पेंड, पण खेळाडूंपैकी एकालाही एक मॅचची शिक्षा नाही. मग 2020 मध्ये डॉजर्सच्या जो केलीने त्याच टीमच्या ब्रेगमन आणि कोरेया यांच्या डोक्याच्या आसपास बॉल टाकले तेव्हा त्याला मात्र आठ मॅच (नंतर कमी करून पाच). अर्ध्या अमेरिकेला वाटलं की केलीने केलं ते बरोबर. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं आणि खरं सांगू, आजही थोडं वाटतं.

मास्कमागून

ताई, तुमचं म्हणणं कळतं, मी पण असाच विचार करायचो. आता मी का बदललो ते सांगतो.

अमेरिकेत असताना चार वर्षं वीकएंडच्या हौशी लीगमध्ये कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा) होतो. आमच्याकडे 95 मैल वगैरे काही नव्हतं, 75 म्हणजे डोक्यावरून पाणी. तरी एकदा माझ्या दंडावर बसला तर तिथे बॉलची शिवण उठली, टाके एकेक मोजता येतील अशी, आठवडाभर होती. सांगायचा मुद्दा तो नाही.

एका मॅचमध्ये आमच्या शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरला) लागलं, बहुतेक चुकूनच, पण आमचा कोच चिडला आणि पुढच्या इनिंगला त्याने मला समोरच्या बॅटरला मारायची खूण केली. कॅचरला खूण आली की ती पिचरपर्यंत पोचवायची, एवढंच काम. समोर त्यांचा तिसऱ्या नंबरचा बॅटर, प्लेटला अगदी खेटून उभा राहणारा, मघाशी मला "गरम होतंय ना आज" म्हणाला होता. मी खूण दिली. आमचा पिचर 19 वर्षांचा मुलगा, त्याने मान हलवून नाही म्हटलं. मी पुन्हा दिली. मास्कच्या जाळीतून मला त्याचा चेहरा दिसत होता, बॉल हातमोज्यात नुसता फिरवत होता, पकड जमत नव्हती. बरगडीत मारायचं, कंबरेखाली गेला तरी चालेल, डोक्यावर नको, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याने टाकला आणि हातातून सुटल्या सुटल्या मला कळलं की हा वर चाललाय. बॅटरने मान फिरवली म्हणून कानाच्या वर हेल्मेटवर बसला. हेल्मेटला तडा गेला. आवाज असा आला की क्षणभर मला वाटलं बॅटला लागलाय, मी उठून बॉल शोधायला लागलो. हो, मी बॉल शोधत होतो आणि माणूस माझ्या पायाशी पडला होता.

नंतर कधीतरी रे चॅपमनबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. 16 ऑगस्ट 1920, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, यांकीजचा कार्ल मेज टाकत होता, खालून हात आणणारा पिचर. अंधारून आलेलं आणि त्या काळी एकच बॉल मळून काळा होईपर्यंत वापरायचे. क्लीव्हलंडच्या चॅपमनला तो दिसलाच नसावा, तो हललाही नाही. कवटीवर बसल्याचा आवाज एवढा मोठा आला की मेजला वाटलं बॅटच्या मुठीला लागलाय, त्याने घरंगळत आलेला बॉल उचलून पहिल्या बेसला फेकला. चॅपमन दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. मेजर लीगमध्ये पिचरचा बॉल लागून मेलेला तो एकमेव खेळाडू. मेज आयुष्यभर सांगत राहिला की मुद्दाम नव्हता, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे, पण मुद्दाम टाकलेला आणि न टाकलेला यात कवटीला फरक कळत नाही. आणि सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं कधी झालं? 1971. पन्नास वर्षं लागली, तीही जुन्या खेळाडूंना सूट देऊन.

त्यामुळे माझा प्रश्न नैतिकतेचा नाहीच आहे. जो पिचर प्लेटच्या कोपऱ्यावर दहातले चार बॉल नेमके टाकू शकत नाही तोच पिचर, तोही रागात असताना, बरोबर बरगडीत मारेल हे आपण कशाच्या जोरावर मानतो? साडेअठरा मीटर अंतर, साधारण 145 ग्रॅमचा बॉल, 95 मैल म्हणजे ताशी 153 किलोमीटर, बॅटरकडे साधारण 0.4 सेकंद. मध्ये टप्पा नाही, वेग मारायला खेळपट्टी नाही. क्रिकेटमध्ये याला बीमर म्हणतात आणि दुसऱ्यांदा टाकला तर बोलरला डावात पुन्हा बोलिंग देत नाहीत.

नवखा_प्रेक्षक

मास्कमागून, वाचून सुन्न झालो. हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. बाकीच्यांचेही, पिचरला बॅटिंग नसल्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

एक विचारायचं होतं, या सगळ्या बदल्यांमध्ये कधी असं झालंय का की नंतर दोघांनी मिटवलं?

मास्कमागून

झालंय, आणि तो किस्साही एका कॅचरचाच आहे म्हणून मला फार जवळचा आहे.

22 ऑगस्ट 1965, सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. जायंट्स आणि डॉजर्स, दोघंही मुळात न्यूयॉर्कचे, 1958 ला एकदमच कॅलिफोर्नियात आले आणि येताना भांडणही बरोबर घेऊन आले. दोघं पहिल्या नंबरासाठी लढतायत. जायंट्सच्या हुआन मारिशालने डॉजर्सच्या दोन बॅटरना अंगावर टाकून खाली पाडलेलं, डॉजर्सच्या सँडी कोफॅक्सने विली मेजच्या डोक्यावरून एक टाकला. अंपायरने ताकीद दिली. आता मारिशाल बॅटिंगला आला, पण ताकीद मिळाल्यावर कोफॅक्सने मारलं तर तो बाहेर जाणार, आणि कोफॅक्ससारखा माणूस गमावणं परवडणारं नव्हतं. मग कॅचर जॉन रोझबोरोने ते काम स्वतःकडे घेतलं. कोफॅक्सला बॉल परत करताना तो त्याने मारिशालच्या कानाच्या अगदी जवळून फेकला. मुद्दाम, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. मारिशाल वळला, दोन शब्द झाले, रोझबोरो मास्क काढून पुढे आला आणि मारिशालने हातातली बॅट त्याच्या डोक्यात घातली.

14 टाके. तिथून पुढे जवळपास पाव तास नुसता गोंधळ. तो थांबवला कोणी, तर विली मेजने. जायंट्सचा माणूस, तो विरुद्ध टीमच्या रोझबोरोला धरून, रक्त पुसत बाजूला घेऊन गेला. मग त्याच मेजने कोफॅक्सला होमरन मारला आणि जायंट्स 4-3 जिंकले. मारिशालला आठ मॅच आणि 1,750 डॉलर दंड. त्याच्या दोन पाळ्या हुकल्या आणि सीझनअखेर जायंट्स दोनच मॅचने मागे राहिले, डॉजर्स पुढे जाऊन वर्ल्ड सिरीज जिंकले.

वर्षानुवर्षं डॉजर्सच्या लोकांनी मारिशालला माफ केलं नाही. हॉल ऑफ फेमच्या मतदानात तो आधी मागे पडला तेव्हा रोझबोरो स्वतः त्याच्या बाजूने उभा राहिला, लोकांना सांगितलं की त्या दिवसावरून त्याला अडवू नका. 1983 मध्ये मारिशाल आत गेला. दोघं तोवर घट्ट मित्र झाले होते. 2002 मध्ये रोझबोरो गेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत मानाच्या खांदेकऱ्यांमध्ये मारिशाल होता.

गुरुवारची_मॅच

याच्या बरोबर उलटा किस्सा टाकतो. 2014 च्या प्लेऑफमध्ये हार्परने जायंट्सच्या हंटर स्ट्रिकलंडला दोन होमरन मारले. सिरीज मात्र जायंट्स जिंकले, पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकले, म्हणजे स्ट्रिकलंडकडे चॅम्पियनची अंगठी आली. तरी याच्या मनात ते दोन होमरन. अडीच वर्षं! 29 मे 2017 ला हार्पर समोर आला आणि याने पहिलाच बॉल त्याच्या कमरेवर मारला. हार्पर हेल्मेट भिरकावत माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) धावून गेला, दोघांनी गुद्दे घातले. जायंट्सचा कॅचर बस्टर पोझी जागचा हलला नाही, रिप्ले बघा, नुसता उभा आहे. पण बाकीचे नियमाप्रमाणे धावले आणि त्यात जायंट्सचेच दोघं, मायकल मोर्स आणि जेफ समार्जा, पूर्ण वेगात एकमेकांवर आदळले. मोर्सच्या मेंदूला मार बसला. तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही.

स्ट्रिकलंड सहा मॅच, हार्पर चार (नंतर तीन). मोर्सचं करिअर कोणाच्या हिशोबात धरायचं?

सातवी_इनिंग

मोर्सचं माहीत होतं पण असं सलग वाचलं नव्हतं. निष्ठेबद्दल मी जे वर लिहिलं त्यात मोर्स येतो हे मान्य करायला लागेल, तो निष्ठेनेच धावला होता. माझं मत पूर्ण बदललं नाहीये. पण डोक्याच्या उंचीला गेलेल्या फास्टबॉलला, मुद्दाम असो नसो, पिचर ताबडतोब बाहेर असा नियम हवा. जपानच्या लीगमध्ये डोक्याला लागलेल्या फास्टबॉलला असा नियम आहे, आणि तिथे चुकून लागलं तरी पिचर टोपी काढून माफी मागतो. अमेरिकेत टोपी काढली तर त्याला भित्रा म्हणतील, हे मात्र बदलायला हवं.

डावखुरा_पिचर

नियमाला +१. पण एक अडचण सांगतो, पिचर म्हणून. आतल्या बाजूला टाकायची भीती बसली की पिचर अर्धा संपतो, बॅटर प्लेटवर झुकून उभे राहतात आणि मग साधा आतला बॉलसुद्धा कोपरावर बसतो. क्रेग बिजिओला कारकिर्दीत 285 वेळा लागलं, कोपराला भलंमोठं गार्ड लावून प्लेटवर झुकायचा. त्यातले बहुतेक बॉल कोणी रागाने टाकलेले नव्हते. त्यामुळे डोक्यापुरता नियम कडक करा, कंबरेपर्यंतचं अंपायरवर सोडा.

नवखा_प्रेक्षक

मास्कमागून, शेवटचं विचारतो, नको असेल तर उत्तर देऊ नका. तुमच्या मॅचमधला तो बॅटर, त्याचं पुढे काय झालं?

मास्कमागून

देतो की. त्याला दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवलं, बाकी काही निघालं नाही. आमचा पिचर त्या सीझननंतर खेळायला आला नाही. मी त्याला दोन-तीनदा फोन केला, खूण माझी होती, कोचची होती, तुझी नव्हती असं सांगितलं, तो हो हो म्हणाला.

दीड महिन्याने त्यांच्याशी पुन्हा मॅच होती. तो बॅटर आला, मला बघून मान हलवली, बोलला नाही. आधी प्लेटला खेटून उभा राहायचा ना, आता बॅटरच्या चौकटीच्या पार मागच्या कडेला उभा होता आणि पिचरचा हात वर गेला की त्याचा पुढचा पाय आपोआप बाहेर सरकत होता. त्याला स्वतःला ते कळत असेल की नाही माहीत नाही, मला मागून स्पष्ट दिसत होतं. बाहेरच्या कडेला तीन बॉल मागितले की तो आउट, हे कोणत्याही कॅचरला कळलं असतं. मी मागितले. तीन बॉलमध्ये तो गेला, बेंचवरून आमचे लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी तिसरा बॉल हातमोज्यात धरून बराच वेळ तसाच बसून राहिलो, शेवटी अंपायरने खांद्याला हात लावून परत मागितला.